बारीला ठेवलेला ळ

सातमाळ्याच्या रांगेत, खानदेश संपून गोदेकडचा मुलूख सुरू होतो तिथे, एक लहानशी खिंड आहे; इथले लोक खिंडीला बारी म्हणतात. रस्त्याच्या कडेला पाटी लावलेली आहे आणि तिच्यावर 'माळबारी' असं लिहिलेलं आहे. एसटीचा कंडक्टर मात्र 'मायबारी, मायबारी' असं ओरडतो. त्यामुळे नवखा माणूस हमखास फसतो. गाडीत बसून राहतो, पुढच्या गावी उतरतो, धूळ खात मागे चालत येतो आणि खिंडीतल्या चहाच्या टपरीवर विचारतो, की ही माळबारी की मायबारी? टपरीवाला कप विसळता विसळता म्हणतो, "हां, तीच."

खिंडीत शेंदूर लावलेला एक दगड आहे. ती बारीची आई. तिच्यापुढे खडे, पानं, तुटक्या बांगड्या, चिंध्या असा ढीग पडलेला असतो, कारण बारी ओलांडणाऱ्याने काहीतरी ठेवूनच पुढे जायचं असा इथला जुना रिवाज आहे. समोर काळ्या कातळाची उभी भिंत आहे. तिच्याकडे तोंड करून हाक मारली की हाक परत येते. आता, हाका परत देणारे डोंगर काही कमी नाहीत. पण इथे तुम्ही 'माळा' अशी हाक मारलीत तर परत 'माया' येते. 'डोळा' म्हणालात तर 'डोया' येतो. पाहुणे पुन्हा ओरडतात, एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, मग 'तूच नीट म्हणत नाहीस' म्हणून आपसांत भांडतात. गावचे शेनफडू आबा शेजारच्या दगडावर बसून ही गंमत बघत असतात. सगळ्यांचे घसे बसले की ते सांगायला सुरुवात करतात. त्यांना त्यांच्या आजीने सांगितलं, तिला तिच्या आजीने.

फार पूर्वी, या बारीतून गाडीवाट झाली नव्हती तेव्हा, गोदाकाठच्या गावातून अनसा नावाची मुलगी लग्न होऊन बारीखालच्या गावात आली. आदल्याच वर्षी तिची आई वारली होती. आईचं नाव माळा. वरात पायी निघाली होती आणि अनसा सबंध वाटभर रडत होती. बारीत आल्यावर तिची नणंद ठगू तिला म्हणाली, "वैनी, मायले काही ठेव."

अनसाला कळेना. "कुणाची माय?" तिने विचारलं.

"माय वं, बारीनी माय."

अनसाच्या मनात आई, ओठांवर आई, आणि ही कोण नवीन माय, असा तिचा पुरता गोंधळ उडाला. डोळे इतके भरले होते की समोरचा शेंदरी दगडही तिला दिसला नाही. ठगू मोठ्या मनाची होती. "ठेवशी मंग, काय घाई शे," असं म्हणून तिने वहिनीचा हात धरला आणि उतरणीला लागली. अनसा बारीला काहीही न ठेवता सासरी आली. ही गोष्ट तेव्हा कुणी मनावर घेतली नाही, असं सांगतात.

सासर चांगलं होतं. नवरा आधार शांत, राबता माणूस. अडचण होती ती जिभेची. अनसाच्या माहेरी ळ अगदी ठणठणीत होता. इथे तो औषधालाही नव्हता. डोळ्याला डोया, केळीला केयी, काळ्या बैलाला काया बैल. पहिल्याच आठवड्यात सासूने पाहुण्यांसमोर "गूय आन वं" म्हणून फर्मावलं, तेव्हा अनसा कितीतरी वेळ दारात नुसती उभी राहिली. गूळ मागताहेत हे तिच्या डोक्यात येईपर्यंत पाहुण्यांनी कोरड्या भाकरीचं निम्मं जेवण उरकलं होतं.

वर्ष-दीड वर्षाने तिला मुलगी झाली. मुलीचं नाव काय ठेवायचं हे अनसाने ती पोटात असतानाच ठरवलं होतं. आई गेली, आता तिच्या नावाने हाक मारायला तरी घरात कुणी असावं, एवढीच तिची इच्छा होती. सासूने हरकत घेतली नाही. आधार म्हणाला, चांगलं नाव आहे.

पण नाव आत्याने ठेवायचं असतं. बारशाला पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या, बाया गोळा झाल्या. ठगूने पाळण्यात वाकून पोरीच्या कानाला तोंड लावलं, कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. बायांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. मग ठगू ताठ उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "माया!"

अनसाचा चेहरा पडला. "आक्का, माया न्हाई. माळा."

"हां, माया."

"माळा वो, माळा. माझ्या आईचं नाव."

"तेच तर म्हनी ऱ्हायनू मी. माया!"

ठगू खोटं बोलत नव्हती. तिच्या कानाला आपण माळाच म्हणतो आहोत असं वाटत होतं. बायांनाही तसंच वाटत होतं. त्या अनसाकडे अशा बघू लागल्या, की बाळंतिणीला ताप-बीप आला की काय. अनसाने वाद सोडून दिला. पण त्या दिवसापासून एका शंकेने तिचा पिच्छा सोडला नाही. पोरीच्या कानात पहिलं नाव गेलं ते कोणतं? पोर माळा की माया? रात्री तिला जवळ घेऊन ती कानाशी 'माळा, माळा' म्हणत राही, आधी शिरलेलं नाव बाहेर पडावं म्हणून.

त्यात आणखी एक भानगड होती. शेजारच्या धुडकूला त्याच सुगीत मुलगी झाली आणि तिचं नाव खरोखरचंच माया ठेवलं. दोघी चालायला लागल्यावर तर विचारू नका. ओट्यावरून कुणी "माया!" म्हटलं की दोघी धावायच्या. खाऊ एकीचा, खायची दुसरी. खोडी एकीची, धपाटा दुसरीला. एकदा धुडकूच्या बायकोने अंधारात आपली समजून अनसाच्या पोरीला जेवू घालून झोपवलंदेखील. सगळं गाव हसलं. अनसाला हसू आलं नाही. आपल्या आईचं नाव या गावात पुसलं जातंय, असं तिला वाटायचं.

मग तिने पोरीला धडा द्यायला सुरुवात केली. "कुणी माया म्हटलं तर ओ द्यायची न्हाई. ती शेजारची. माळा म्हटलं, तरच ओ." चुलीपुढे बसून ती मुद्दाम म्हणायची, "माया!" पोर गप्प. मग म्हणायची, "माळा!" पोर लगेच "ओ!" पोर हुशार होती, आणि कान तर तिचे इतके तीक्ष्ण, की एकदाही चुकली नाही. अनसाला तिचा फार अभिमान वाटे. पोरीला स्वतःचं नाव तोंडाने म्हणायला मात्र तिने कधी लावलं नाही. ओ आली की तिचं समाधान व्हायचं.

चैत्र लागला. मोहाची फुलं गळायला लागली की गावातल्या बाया पोराबाळांसकट बारीवर जात. त्या वर्षी अनसाला पुन्हा दिवस गेले होते, म्हणून ती घरी राहिली आणि पोर ठगूबरोबर गेली. दुपार कलली तशी वावटळ उठली. पाठोपाठ गारा आल्या. बायांनी टोपल्या टाकल्या, हाती लागेल ते पोर काखोटीला मारलं आणि डोक्यावर पदर घेऊन खाली धावत सुटल्या. ठगूने वाटेत काखेतलं पोर निरखून पाहिलं तर ते तिसऱ्याच कुणाचं तरी होतं.

गावात ओरड झाली. धुडकूच्या घरातून आवाज आला, माया हरपली. आधारच्या घरातून आवाज आला, माया हरपली. ऐकणाऱ्यांना वाटलं, पोर एकच हरवली आहे आणि दोन्ही घरं तिच्यासाठी रडताहेत. शेजारधर्म आहे म्हणून लोकांनी कौतुकही केलं, म्हणे. गडीमाणसं काठ्या घेऊन वर गेली. उन्हाळ्यात दिवस बुडायला बिबट्या बारीतल्या झऱ्यावर उतरतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे पाय उचलून गेली.

अनसा पोट सावरत डोंगराच्या पायथ्याशी उभी होती. बऱ्याच वेळाने वरून हाक आली. एका टेकाडावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, माणसं हाक पुढे देत होती. "माया सापडनी! माया सापडनी!"

त्या घटकेला तिला ळची आठवणसुद्धा झाली नाही. माया तर माया. ती तशीच चढणीला लागली. वरून लोक हसत, घाम पुसत उतरत होते. सगळ्यांत पुढे एका गड्याच्या खांद्यावर धोतरात गुंडाळलेली पोर होती. अनसाने धोतर बाजूला केलं. आत धुडकूची माया होती.

"ही माझी न्हाई," अनसा म्हणाली.

"मंग तुन्ही कोन्ती?" गड्याने विचारलं.

"माळा!"

"हां, मायाच ना. हाई काय!" असं म्हणून त्याने पोर आणखी पुढे केली.

"माळा, माळा," एवढंच अनसा म्हणत राहिली, आणि "माया, माया," असं म्हणत माणसं तिची समजूत घालत राहिली. धुडकूच्या बायकोने येऊन आपली पोर छातीशी घेतली, तरी लोकांच्या डोक्यात प्रकाश पडेना. शेवटी आधार दुसऱ्या टेकाडावरून हसत हसत खाली आला. त्याने पोरीचं तोंड पाहिलं, बायकोचं तोंड पाहिलं आणि तो आल्या वाटेने परत वर धावला. तेव्हा कुठे गावाला उमगलं, की पोरी दोन हरवल्या होत्या. सूर्य कातळाला टेकायला आला होता.

सगळे पुन्हा वर पळाले. अनसाही गेली. वाटभर ती 'माळा, माळा' ओरडत होती. बारीत पोचेपर्यंत तिच्या घशातून आवाज निघेनासा झाला. वारा समोरून होता, तो तिची हाक तिच्याच तोंडावर मारत होता. आणि चारी बाजूंनी गाव ओरडत होतं, "माया! माया! माया वं!"

ते ऐकता ऐकता अनसा जागच्या जागी थांबली. पोर इथेच कुठेतरी असेल. तिला या हाका ऐकू येत असतील. आणि ती गप्प बसली असेल, कारण सगळे शेजारच्या मायाला बोलावताहेत. आईने सांगितलंय, माया म्हटलं तर ओ द्यायची नाही. ती चुकणार नाही. ती कधीच चुकली नव्हती.

अनसाने ठगूचे दंड धरले. "आक्का, माया म्हणू नका. ती यायची न्हाई. माळा म्हणा. जीभ अशी मागं वळवा, टाळूला लावा, आन् सोडा. माळा." घसा बसलेला, नुसती हवा निघत होती. ठगूने जीभ वळवली. "माला," ती म्हणाली. कुणी "माडा" म्हणालं, कुणी "मारा". गावाने जिवाच्या आकांताने जिभा वळवल्या. सगळ्या बारीत माला, माडा, मारा असा एकच कल्लोळ उठला. पलीकडच्या उतारावरचा एक मेंढपाळ 'मारा' ऐकून बिबट्या आला असं समजला आणि कुऱ्हाड परजत धावून आला. कोण कुणाला शोधतंय, हेच कुणाला कळेनासं झालं. आणि इतक्या हाकांतून हवी ती हाक एकही नव्हती.

दिवस बुडाला. अनसा त्या शेंदरी दगडापुढे येऊन पडली. वरातीच्या दिवशी न दिसलेला दगड तिला आज दिसला. असं सांगतात, की ती पुटपुटली, "आई, मी तुला काहीच ठेवलं न्हाई. आता माझ्याकडचं तुला हवं ते ठिवून घे. मी इचारणार न्हाई. पण माझी हाक माझ्या लेकराला पोचव."

ती उठली. वारा पडला होता. कातळाकडे तोंड करून तिने हाक मारली, आणि काय आश्चर्य, बसलेला घसा मोकळा झाला, घंटेसारखा आवाज सगळ्या बारीभर गेला. पण तोंडातून शब्द निघाला तो "माया!"

अनसाने तोंडावर हात ठेवला. तिने पुन्हा हाक मारली. जीभ वळवली, टाळूला लावली, सोडली. "माया!" ळ तिच्या तोंडात नव्हताच. कुणी अंगावरचा दागिना काढून घ्यावा तसा तो गेला होता. बारीच्या आईने हाक पोचवली होती आणि आपला हक्क ठेवून घेतला होता. या डोंगरात अनसाच्या लेकीचं नाव घेता येणारं एकच माणूस होतं, आणि आता तेही उरलं नव्हतं. सगळं गाव चिडीचूप झालं.

तेवढ्यात कातळाच्या पायथ्याशी, एका कपारीतून, अगदी बारीक पण चिडलेला आवाज आला.

"माय! मी माया नही! मी माया शे, माया!"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. माया नाही, माया आहे? पोर वाऱ्यात भ्रमली की काय? एक म्हातारा म्हणाला, आत दोघी असतील. मेंढपाळ तर कुऱ्हाड खांद्यावर टाकून सरळ परत निघाला. अनसाला मात्र तिचं म्हणणं लख्ख कळलं. पोरीची जीभ याच गावात वळलेली, तिच्याही तोंडात ळ नव्हता. पण कानात होता. साऱ्या गावाने चुकीचं नाव घेतलं तरी तिने ते ऐकून घेतलं. आईने चुकीचं घेतलेलं मात्र तिला सहन झालं नाही. ती आईची चूक सुधारायला बोलली होती.

अनसा दगडधोंड्यांतून घसरत कपारीशी गेली. पोर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, केसांत गारा वितळलेल्या, आणि गाल फुगवलेले. आईने उचलून घेतलं तरी ती रुसलेलीच होती. "माया नही," ती पुन्हा म्हणाली. "माया." अनसा हसत होती आणि रडत होती. "व्हय गं बाई," ती म्हणाली, "माया."

मागून ठगू धापा टाकत आली. "मी पहिलापासून तेच म्हनस ना!" ती म्हणाली, आणि वहिनीच्या गळ्यात पडून रडायला लागली.

पुढे अनसा बाकी गावासारखीच बोलू लागली. डोया, केयी, गूय. भाऊ माहेराहून भेटायला आला तेव्हा त्याला तिचं निम्मं बोलणं कळेना. "अनसे, तुझा ळ कुठं गेला?" त्याने विचारलं. "बारीला ठिवला," ती म्हणाली. त्याला वाटलं, बहीण थट्टा करते. ती थट्टा नव्हती. लेक हाती आली, पण स्वतःच्या आईचं नाव अनसाला त्यानंतर कधीच घेता आलं नाही. कुणी आईचं नाव विचारलं तर ती मान खाली घालायची.

मात्र म्हणे, लेकीची लेकरं मोठी झाल्यावर, म्हातारपणी, अनसा अधूनमधून एकटीच काठी टेकत बारीत जायची. दगडापुढे एखादं पान ठेवायची आणि कातळाकडे तोंड करून म्हणायची, "माया." इतर सगळ्यांच्या हाकेतला ळ काढून घेणारा तो कातळ तिला तेवढं उलटं उत्तर द्यायचा. "माळा." आईचं नाव पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून ती तो डोंगर चढायची. हे तिच्याशिवाय कुणी ऐकलं नाही. पण उतरताना तिचा चेहरा पाहिलेल्या बाया आपल्या नातींना सांगून गेल्या.

इथवर सांगून शेनफडू आबा थांबतात. पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारतोच, "पण आबा, त्या पोरीचं खरं नाव शेवटी काय ठरलं? माळा की माया?"

"हां," आबा म्हणतात, "तेच."

पाहुणे पुन्हा गोंधळतात. आबा त्यांना दगडापुढे एकेक खडा ठेवायला लावतात आणि वाटेला लावतात.

आजही गावात बारसं झालं की पाळण्यातलं तान्हं बारीत आणतात. कातळाकडे तोंड करून आधी आई तिच्या माहेरच्या बोलीत नाव पुकारते. मग आत्या तिच्या बोलीत पुकारते. मग कातळ त्याला जमेल तसं म्हणतो. सुना आता कुठून कुठून येतात, त्यामुळे एकेका नावाचे काय काय प्रकार होतात ते ऐकून बाया हसून हसून बेजार होतात. हसणं ओसरलं की आई वाकते आणि तान्ह्याच्या कानात, नाव न घेता, एवढंच सांगते, "कुणीबी, कसंबी बोलावू दे. तू ओ दे."